पत्रक क्रमांक एकोणीस : मोतीबिंदू

९ जानेवारी

निवृत्त होऊन चौदा महिने झाले आणि आज पुन्हा हॉस्पिटलच्या मागच्या दाराने आत गेले. रोझलिनने बोलावलं होतं. ही रोझलिन माझ्या हाताखाली वॉर्डात लागली तेव्हा नाडी मोजताना स्वतःचीच मोजायची. आता ती रुग्ण-माहिती विभागाची प्रमुख आहे. विभाग म्हणजे चादरींच्या खोलीशेजारी दोन टेबलं आणि खिडकीत एक सुकलेलं झाड.

"सिस्टर, बेचाळीस पत्रकं आहेत," ती म्हणाली. "रक्तदाब, पित्ताशयातले खडे, दुर्बिणीच्या तपासण्या, प्लास्टर, सगळं. साध्या भाषेत पुन्हा लिहून हवीत. लोक घरी नेतात आणि शेगडी पेटवतात."

"पेटते का नीट?"

"सिस्टर, मी थट्टा करत नाहीये."

एक पत्रक उचलून वाचलं. 'सदर प्रक्रियेपूर्वी रुग्णाने मौखिक सेवन पूर्णतः वर्ज्य करावे.' हे पत्रक मी तीस वर्षं लोकांच्या हातात देत होते. खरं सांगायचं तर एकदाही वाचलं नव्हतं. हो म्हटलं.

१४ जानेवारी

नियम असा आहे की प्रत्येक पत्रक छापण्याआधी औषधपाण्यातलं काही न कळणाऱ्या माणसाने ते वाचायचं. असा माणूस शोधायला मला फक्त रस्ता ओलांडावा लागला. आर्वो लेह्टोला. चाळीस वर्षं जंगलतोडीत काढली, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि आठवीनंतर पुस्तकाला हात लावला नाही. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली, माझा नवरा जाऊन नऊ.

जठराच्या दुर्बीण तपासणीचं पत्रक त्याच्या हातात दिलं. त्याने मोठ्याने वाचलं, "उपाशी पोटी यावे. म्हणजे कॉफी चालते."

"चालत नाही."

"कॉफी कुठं खातात? कॉफी पितात."

"आर्वो, पोटात काही म्हणजे काही नको."

"मग तसं लिही की! या केटल बे गावात कॉफीला जेवण समजणारा एक तरी माणूस दाखव मला."

आठवून पाहिलं तर खरंच, सकाळी कॉफी पिऊन आलेल्या किती जणांना मी ओरडून परत पाठवलं असेल! मग लिहिलं : 'कॉफीसुद्धा नाही. दुधाची नाही, काळी नाही, अर्धा कपही नाही.' आर्वोने वेलचीच्या गोड पावाचे, पुल्लाचे, चार तुकडे खाल्ले आणि गेला. हा माणूस पत्रकं वाचायला येतो की पुल्ला खायला, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२७ जानेवारी

नऊ पत्रकं झाली. छपाईवाला शाई वाचवतोय असं दिसतं. अक्षरं इतकी पुसट की खिडकीशी धरून वाचावी लागतात. रोझलिनला म्हटलं तर ती कागदाकडे पाहून म्हणाली, "मला तर ठीक दिसतंय, सिस्टर." तरुण माणसं कशालाही ठीक म्हणतात.

स्वयंपाकघरातला दिवाही बदलला. या हिवाळ्यातला हा तिसरा. हल्लीचे दिवे नुसते नावाला.

आर्वोचा वाढदिवस होता. काळ्या लोकरीचे मोजे विणून दिले. त्याने घातले, पायांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "असे मोजे गावात दुसऱ्या कुणाकडे नसतील." कधी नव्हे ते चांगलं बोलला.

६ फेब्रुवारी

आज पत्रक क्रमांक एकोणीस, मोतीबिंदू. हे मला चांगलं जमलं. लिहिलंय : 'डोळ्यातलं भिंग हळूहळू गढूळ होतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला कळतही नाही. रंग फिके वाटतात. वाचायला जास्त उजेड लागतो. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो.' रोझलिनला आवडलं. म्हणाली, अगदी आतून आलेलं वाटतं. अनुभव असा कामाला येतो.

आर्वोने एकोणीस नंबर वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लागला तेव्हा मी विचारलं, "कुठं अडलं?"

"अडलं नाही."

"मग?"

"तू स्वतः लिहिलंस हे?"

"नाहीतर काय मांजराने?"

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याऐवजी त्याने पुल्लाचा तुकडा तोंडात टाकला.

संध्याकाळी वाचनालयात जायचं होतं. या नव्या गाड्यांना कसले दिवे बसवतात कोण जाणे. समोरून एक आली की नुसता पांढरा भडका. अंगणातून गाडी काढत होते एवढ्यात आर्वो आपला ट्रक घेऊन हजर. म्हणे थंडीत इंजिन चालतं ठेवावं लागतं, चल सोडतो. गेल्या महिन्यापासून याचं इंजिन नेमकं मी कुठे निघाले की गारठतं.

१९ फेब्रुवारी

आतड्याच्या दुर्बीण तपासणीचं पत्रक छापून आलं, चारशे प्रती. तपासणीत कधी कधी आतड्यातली छोटी गाठ काढतात, आणि नंतर रक्त गेलं तर काय करायचं हे जुन्या पत्रकात शेवटच्या पानावर तळाला होतं. मी ते पहिल्या पानावर आणलं. चौकटीत, हॉस्पिटलच्या फोन नंबरासकट. हे कुणाला आधी सुचलं नव्हतं. आज जरा ताठ मानेने चालले.

२६ फेब्रुवारी

काय लिहू?

सकाळी रोझलिनने बोलावलं. तिच्या टेबलाशी डॉट मकअल्पिन बसली होती. डॉटचं धक्क्यावर दुकान आहे. गळाला लावायची गांडुळं आणि जिवंत मासोळ्या विकते, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांची गर्दी असते. तिच्या हातात शाळेची वही होती.

"हेल्मी," ती म्हणाली, "आठवडाभर मला फोन येतायत. पहिल्याने विचारलं, जुलाबाचं औषध पिऊन झालं, आता पाणी पिऊ का? मी म्हटलं, पी बाबा, मला काय. दुसरी म्हणाली, संडासातून उठताच येत नाही, हे असंच असतं का? मी म्हटलं, बाई, मी गांडुळं विकते."

रोझलिनने तोंडावर हात धरला होता. मला हसू आलं नाही, कारण डॉट पुढे वाचत होती. "शनिवारी गस हिंडमन. गाठ काढली होती. रक्त जातंय म्हणाला, थांबत नाही. मी त्याला म्हटलं, फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा. मग वाटलं, म्हातारा एकटा आहे, बर्फात कुठे घसरला तर? दुकान बंद केलं आणि मीच घेऊन गेले."

गस बरा आहे. वेळेवर पोचला. पण चौकटीत हॉस्पिटलऐवजी डॉटच्या दुकानाचा नंबर छापला गेला होता. शेवटचा आकडा तीन, मी आठ लिहिला होता. माझ्याच हाताने, आणि छापण्याआधी दोनदा तपासूनही.

बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक इंजेक्शन चुकलं नाही. डॉटची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, गस मला आता बिस्किटं आणून देतो. पण नंबर तेवढा बदल." घरी येऊन राजीनामा लिहिला.

२७ फेब्रुवारी

राजीनामा द्यायला निघाले तर आर्वो दारात. हातात टेलिफोनची डिरेक्टरी आणि माझं पत्रक. टेबलावर दोन्ही पसरून डिरेक्टरीतल्या हॉस्पिटलच्या नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा शेवटचा आकडा वाच."

"आठ."

"आणि हा?"

"आठ. काय चाललंय तुझं?"

"पहिला तीन आहे, हेल्मी."

मी डिरेक्टरी खिडकीशी नेली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. आठच दिसला. मग शाईवर बोलले, दिव्यांवर बोलले, छपाईवाल्यावर बोलले. तो ऐकत उभा होता. शेवटी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पत्रक क्रमांक एकोणीस.

"हे मी तीनदा वाचलं तेव्हा तू विचारलंस कुठं अडलं," तो म्हणाला. "दर ओळीला तूच दिसत होतीस. रंग फिके, उजेड पुरत नाही, गाड्यांचे दिवे. वाटलं, तुला कळलं असणार. नर्स आहेस. मी जंगलातला माणूस, मी काय सांगणार?"

"आणि म्हणून महिनाभर तुझ्या ट्रकचं इंजिन गारठत होतं?"

त्याने टोपी हातात फिरवली.

मी फार वाईट बोलले. माझ्या डोळ्यांची चौकशी करायला तुला कुणी नेमलं, म्हटलं. तुला फुकटचा पाव मिळतो तेवढा खा आणि घरी जा. तो टोपी घालून गेला. कागद टेबलावरच राहिला.

दुपारभर बसून होते. मग डोळ्यांच्या तपासणीसाठी फोन केला. नंबर रोझलिनला विचारून घेतला, डिरेक्टरीतून नाही.

५ मार्च

डॉ. बेलांजर महिन्यातून दोनदा आमच्या हॉस्पिटलात येतात. तिशीतली मुलगी, हात उबदार. डोळ्यात थेंब टाकले, उजेड टाकला, हनुवटी टेकवून पाच मिनिटं बघत राहिली.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा बराच पिकलाय. तुम्ही गाडी चालवता?"

"चालवते." मग खरं सांगितलं. "हल्ली शेजारी नेतो."

"चांगला शेजारी आहे. ऑपरेशन होईपर्यंत त्यालाच नेऊ द्या."

बाहेर काउंटरवरच्या मुलीने हसून माझ्या हातात एक पत्रक ठेवलं. "यात सगळं सोप्या भाषेत आहे हं, आजी. घरी जाऊन शांतपणे वाचा."

एकोणीस नंबर. माझंच.

डोळ्यांत थेंब होते, बाहुल्या विस्फारलेल्या. पण थेंबांना कशाला दोष देऊ? घरी येऊन थेंबांचा अंमल उतरल्यावर, नव्या दिव्याखाली बसले तरी मला ते वाचता येईना. बारीक अक्षरं, तीही करड्या कागदावर. मोतीबिंदू झालेल्या माणसासाठी मी असं पत्रक लिहिलं होतं जे मोतीबिंदू नसलेल्यालाच वाचता यावं! बेचाळीस पत्रकं साधी करायला निघालेली मी, आणि एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आधी रडू आलं, मग हसू. मग रस्ता ओलांडून गेले. आर्वो लाकडं फोडत होता.

"मला वाचून दाखव," म्हटलं. "आणि परवाचं विसर."

"परवा नव्हे. गेल्या आठवड्यात," तो म्हणाला आणि कुऱ्हाड ठेवली.

११ मार्च

कुणाचीतरी तारीख मोकळी झाली, ती मला मिळाली. सव्वीस तारीख.

इथं लिहायला हरकत नाही : मला भीती वाटते. ऑपरेशन जागेपणी करतात. शेकडो लोकांचा हात धरून मी म्हटलंय, काही नाही हो, दहा-पंधरा मिनिटांचं काम. आता वाटतं, त्यातल्या एकाने तरी विचारायला हवं होतं, बाई, तुम्हाला काय माहीत? माझ्या पत्रकात लिहिलंय, 'थोडं अस्वस्थ वाटू शकतं.' या वाक्याने एका डासाचीसुद्धा भीती जाणार नाही.

आर्वोने ते वाचून विचारलं, "सुरी येताना दिसते का?"

"माहीत नाही."

"खोकला आला तर?"

"माहीत नाही, आर्वो!"

"मग विचार की. बत्तीस वर्षं नर्स होतीस, तुला सांगतील."

डॉ. बेलांजरना फोन करून आमचे दोघांचे प्रश्न विचारले, सगळे मिळून चौदा. त्या हसल्या नाहीत. खोकला येईल असं वाटलं तर काय करायचं, तेही सांगितलं : आधी बोला, मी थांबते. आणि नर्सच्या हातात हात असेल, बोलवेना तर तो दाबा.

राजीनामा शेगडीत टाकला. छान पेटला.

२७ मार्च

झालं.

आठवतंय तोवर लिहून ठेवते, पत्रकासाठी. सुरी दिसत नाही. काहीच दिसत नाही, आणि खूप दिसतं : आधी पांढरा उजेड, मग त्यात निळं आणि गुलाबी पाण्यासारखं हलत राहतं. दुखलं नाही. कुणीतरी पापणीवर बोट ठेवल्यासारखा दाब जाणवला. चेहऱ्यावर कापड असतं, त्याखाली वारा सोडतात. हे कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरले, मी नर्सचा हात दाबला. डॉक्टर लगेच थांबल्या. "काय झालं, हेल्मी?" "काही नाही, वारा आला." "वारा मीच सोडलाय, श्वास घ्यायला बरं पडतं." मग मला इतकं हसू आलं की आता हसूही थांबवा म्हणाल्या.

बाहेर आर्वो टोपी हातात धरून बसला होता. काल सकाळी त्याने माझ्यासोबत कॉफी घेतली नव्हती. मला घेता येत नाही म्हणून.

२८ मार्च

सकाळी डोळ्यावरचं झाकण काढलं.

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या आहेत असं मी समजत होते. त्या पांढऱ्या आहेत. टेबलाखाली वर्षभराची धूळ आहे. आरशात एक म्हातारी बाई आहे, तिला मी आधी इतकी नीट भेटले नव्हते. खिडकीतून सरोवराचा बर्फ दिसतो आणि तो नुसता पांढरा नाही, भेगांत हिरवा आहे, लांबवर निळा.

दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत घातले, स्वतःच्या घालायला गेले तर गालावर. आर्वो आला, म्हणाला मान वर कर. जंगलातल्या हाताने एकच थेंब, बरोबर मधोमध.

तो वाकला होता तेव्हा पाहिलं, त्याचे डोळे निळे आहेत. साठ वर्षं मी करडे समजत होते.

मग नजर खाली गेली. पायांत माझे मोजे. एक काळा, एक गडद निळा.

"आर्वो! दोन महिने असाच फिरतोयस?"

"सांगितलं होतं ना," तो म्हणाला. "असे मोजे गावात दुसऱ्या कुणाकडे नसतील."

१७ एप्रिल

एकोणीस नंबर पुन्हा लिहिलं. मोठी ठळक अक्षरं, पांढरा कागद, एका पानाची चार पानं झाली. रोझलिन म्हणाली, "वरून विचारतील, सिस्टर, एवढं जाड का?" तिला म्हटलं, "वरच्यांना माझ्याकडे पाठव, मी वाचून दाखवते." मग तीच म्हणाली, "बेचाळीसच्या बेचाळीस अशीच करू या का?" मी जुन्या चादरींच्या खोलीत जाऊन जरा डोळे पुसले. हलक्या हाताने, आणि फक्त डावा. उजव्याला अजून हात लावायचा नाही.

'थोडं अस्वस्थ वाटू शकतं' काढून टाकलं. त्याजागी लिहिलं : 'भीती वाटणारच. मलाही वाटली. तुम्हाला काय दिसेल ते आधी सांगते.' रोझलिन 'मलाही' या शब्दावर थांबली. हॉस्पिटलच्या पत्रकात 'मी' नसतो म्हणाली. मग बराच वेळ विचार करून तो तसाच राहू दिला.

नंबर डॉटने तपासला. आता ती आमची दुसरी वाचक आहे. म्हणते, फोन येईनासे झाले तर करमत नाही.

२ मे

बर्फ गेला. ओढ्याच्या तोंडाशी स्मेल्ट मासे चढायला लागले, अख्खं गाव जाळी घेऊन पाण्यात. आर्वोने बादलीभर आणले, मी तळले. बोलता बोलता म्हटलं, उजवा डोळा आता इतका स्वच्छ आहे की डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, "अरे वा." मग मासे खाल्लेच नाहीत. पोट बिघडलं असेल.

८ मे

आज दुसरा डोळा. गाडी घरीच ठेवून त्याला म्हटलं, तुझा ट्रक काढ. ऑपरेशनच्या दिवशी मला चालवता येणार नाही ही खरी गोष्ट, पण ती सांगताना मला उगाच आनंद झाला. वाटेत तो शीळ घालत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की परवा त्याचं पोट बिघडलं नव्हतं.

काउंटरवर तीच मुलगी. सोबत आलेल्या माणसाने एक फॉर्म भरायचा असतो. नाव, पत्ता, फोन. आर्वोने सावकाश, सुबक अक्षरांत लिहिलं. मग एका रकान्याशी त्याचं पेन थांबलं. 'रुग्णाशी नातं.'

मुलगी म्हणाली, "शेजारी लिहा ना, आजोबा."

"शेजारी तर आहेच," तो म्हणाला. पेन हललं नाही. कान लाल झाले होते. ते मला आता स्पष्ट दिसतात.

मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं : माझा माणूस.

मुलीने फॉर्म पाहिला, स्क्रीन पाहिला. "आजी, इथं असा पर्याय नाहीये. पती आहे, मुलगा आहे, भाऊ आहे, मित्र आहे, इतर आहे."

"मग एक वाढवून घ्या," म्हटलं. "पत्रकं झाली की फॉर्म साधे करायला घेणार आहे. इथूनच सुरुवात करते."

माझा कोट आर्वोच्या हातात होता. त्याने त्याची एकदा घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आतून माझं नाव पुकारलं तेव्हाही तो घडीच घालत होता.